मावशीच्या दारातला समुद्र

वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तुमच्याकडे काय लावतात? कुणाकडे विटेचा तुकडा असतो, कुणाकडे जुना वरवंटा, हल्ली तर रबरी स्टॉपर ऑनलाइन मिळतो. माझ्या मावशीकडे दगड आहे. नारळापेक्षा थोडा मोठा, करडा-गुलाबी, एका बाजूने कापल्यासारखा सपाट. त्या सपाट बाजूवर एकात एक बसलेल्या कड्या दिसतात, अगदी कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशा. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलो की आम्ही भावंडं त्याला 'कांदेदगड' म्हणायचो आणि त्याच्यावर बदाम फोडायचो. आता आठवलं की जरा लाज वाटते. का, ते पुढे कळेलच.

मावशी राहायची नंदिनी नगरला. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही, माझ्या ऑफिसमध्येही कुणी ऐकलं नव्हतं. छत्तीसगडमध्ये भिलाई स्टील प्लांट आहे, तो माहीत असेल. तिथून जामुलच्या बाजूने वीसेक किलोमीटर गेलं की अहिवाराजवळ ही छोटीशी टाउनशिप लागते. एकसारखे क्वार्टर, मोठमोठी झाडं, कारखान्याची स्वतःची धावपट्टी आणि चुनखडीची खाण. काका त्या खाणीत नोकरीला होते. गेल्या वर्षी ते रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि सामान बांधायला मदत म्हणून मी नोव्हेंबरमध्ये नागपूरहून गेले. पुण्याहून माझा मावसभाऊ आला होता, सोबत त्याची आठ वर्षांची मुलगी.

मावशीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तो दगड राहू द्या इथेच. ट्रकवाला वजनावर पैसे लावतो." काका काही बोलले नाहीत. भाची मात्र दगडापाशी उकिडवी बसली आणि तिने विचारलं, "आजोबा, यात कांदा कसा गेला?"

"कांदा नाही बेटा. हा समुद्राचा तळ आहे."

"मग समुद्र कुठे गेला?"

खरं सांगते, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा माझा प्रयत्न आहे. नकाशा उघडून बघा. नंदिनी नगरपासून बंगालचा उपसागर शेकडो किलोमीटर दूर आहे. आजूबाजूला दिसते ती फक्त भातशेती.

आधी तिथे कसं जायचं ते सांगते, कारण या गोष्टीत प्रवासही कामाचा आहे. नागपूर ते दुर्ग रेल्वेने साधारण २६५ किलोमीटर. नागपूर स्टेशनच्या अगदी जवळ सीताबर्डीची टेकडी आहे. ती काळ्या बसाल्टची, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हाचे थरावर थर पसरले. आपला सह्याद्री, अजिंठा-वेरूळ, रायगड, सगळं त्यातलंच. त्या लाव्हाची पूर्वेकडची सीमा नागपूरच्या आसपास संपते. म्हणजे स्टेशनवरून गाडी पूर्वेकडे निघाली की थोड्याच वेळात तुम्ही महाराष्ट्राचा ओळखीचा काळा दगड मागे टाकता. भंडारा, गोंदिया, मग सालेकसा-दरेकसाचं जंगल, बोगदा आणि डोंगरगड. बम्लेश्वरी देवीचा तो डोंगर ग्रॅनाइटचा आहे, वय २०० कोटी वर्षांहून जास्त. पुढे राजनांदगाव आलं की सगळं सपाट होतं. चार तासांत तुम्ही किती काळ मागे-पुढे गेलात याचा हिशेब ठेवायचा तर वेगळं टाइमटेबल लागेल. आमच्या डब्यात मात्र सगळे डोंगरगडला नमस्कार करून पुन्हा चिवडा खायला लागले. मीसुद्धा.

तर समुद्र.

आज ज्याला आपण छत्तीसगडचं मैदान म्हणतो, तिथे सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. भूगर्भाचे अभ्यासक त्या जागेला छत्तीसगड खोरं म्हणतात. तेव्हा मासे नव्हते, जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. दिवसही पूर्ण २४ तासांचा नव्हता, कारण पृथ्वी आजच्यापेक्षा भरभर फिरायची. त्या कोमट, उथळ पाण्यात राहत होते ते सूक्ष्मजीव. सायनोबॅक्टेरिया हे त्यांचं नाव. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर बुळबुळीत हिरवा थर येतो ना, तसाच त्यांचा थर समुद्राच्या तळावर पसरायचा. थर चिकट असायचा, त्यावर चुन्याचे बारीक कण बसायचे. उजेड मिळावा म्हणून जीव वर सरकायचे, पुन्हा नवा थर. असे थर चढत चढत घुमट आणि खांब तयार झाले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. खांब आडवा कापला की दिसतो कांदा.

म्हणजे आम्ही बदाम फोडत होतो ते जीवसृष्टीच्या अगदी सुरुवातीच्या पानांपैकी एकावर.

असे जिवंत स्ट्रोमॅटोलाइट आज जगात फार थोड्या ठिकाणी उरलेत. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेचं नाव त्यात सगळ्यात प्रसिद्ध आहे. तिथलं पाणी इतकं खारट आहे की त्यांना कुरतडणारे प्राणी फारसे टिकत नाहीत. छत्तीसगडात मात्र त्यांचा दगड झाला, तोही पायाखाली पसरलेला. दुर्ग-रायपूरकडच्या गावांत घराच्या अंगणाला आणि शेताला उभ्या लाद्यांचं कुंपण दिसतं. तिथे त्याला फर्शी पत्थर म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, एवढा दगड आणला कुठून? आणला नाही, जमीन खणली की तोच लागतो. आपल्या जुन्या घरांमधली शहाबादी फरशी आठवते? कर्नाटकातली ती फरशीही अशाच एका फार जुन्या समुद्राच्या गाळाची. तेव्हा समुद्र बघायला कोकणातच जायला हवं असं नाही, आजीच्या स्वयंपाकघरात खाली बघितलं तरी चालेल.

काकांनी आम्हाला खाणीच्या बाजूला नेलं. चालू खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. आम्ही बाहेरच्या रस्त्यावरूनच पाहिलं. पायऱ्या-पायऱ्यांनी खोल गेलेला खड्डा, तळाशी निळंहिरवं पाणी. भाचीने लगेच जाहीर केलं, "हा बघा, इथे लपलाय समुद्र." ते पावसाचं पाणी होतं, पण तिला कुणी टोकलं नाही.

हा दगड स्टील प्लांटला कशाला लागतो, हे मला एवढ्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. काकांनी चहाच्या टपरीवर बसून समजावलं. लोखंडाच्या खनिजात माती, वाळू असा कचरा असतो. झोतभट्टीत चुनखडी टाकली की तिचा चुना होतो आणि तो हा कचरा धरून वेगळा काढतो. त्याला स्लॅग म्हणतात. स्लॅगही वाया जात नाही, सिमेंटमध्ये जातो. भिलाईचा करार १९५५ साली सोव्हिएत संघाशी झाला, पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. मग दल्ली-राजहराचं लोखंड आणि नंदिनीची चुनखडी, दोन्ही एका भट्टीत जायला लागलं.

यातली एक गोष्ट मला घरी येऊन वाचल्यावर कळली आणि रात्री झोप लागेना. दल्ली-राजहरातलं लोखंडही समुद्रातच साचलेलं आहे, नंदिनीच्या समुद्रापेक्षा कितीतरी जुन्या, २०० कोटी वर्षांहूनही आधीच्या. त्या काळी समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं असायचं. सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन सोडला आणि लोह गंजून तळाशी बसलं, असं शास्त्रज्ञ साधारणपणे सांगतात. म्हणजे लोखंडामागेही तेच बुळबुळीत कुळ आणि चुनखडीमागेही तेच. आणि भट्टीतला कोळसा? तो तिसऱ्या काळातला. त्यासाठी आपल्याला पुन्हा महाराष्ट्रात यावं लागेल.

चंद्रपूर. उन्हाळ्यात बातम्यांमध्ये कायम पहिल्या पाचात. ४६ अंश झाले की चंद्रपूरकर म्हणतात, अजून मे बाकी आहे. त्याच चंद्रपूरजवळ, इरई नदीच्या काठी, १८७०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांना चुनखडीचा एक पृष्ठभाग सापडला. घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे. असे ओरखडे पाण्याने पडत नाहीत. हिमनदी आपल्या पोटात दगड घेऊन खडकावरून सरकते, तेव्हा पडतात.

चंद्रपुरात हिमनदी! साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारत जगाच्या नकाशावर आजच्या जागी नव्हताच. तो दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका यांना चिकटून होता. त्या अखंड भूमीचं नाव आहे गोंडवाना. हे नाव ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५च्या सुमारास जगाला दिलं आणि ते घेतलं आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून, कारण इथल्या खडकांना भूवैज्ञानिक आधीपासून गोंडवाना म्हणत होते. ब्राझीलमधली, दक्षिण आफ्रिकेतली मुलं भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द शिकतात. गडचिरोली-बस्तरच्या मुलांना कुणी हे आवर्जून सांगतं की नाही, कोण जाणे. सांगायला हवं.

मग खंड हळूहळू सरकला, बर्फ वितळला, समुद्र आत शिरला. छत्तीसगडमध्येच मनेंद्रगडला हसदेव नदीच्या काठी त्या समुद्रातल्या जीवांचे जीवाश्म आहेत आणि ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. त्यानंतर दलदली आल्या, जंगलं आली. जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं. ती गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. बल्लारपूर, वणी, कोरबा, झरिया, सगळा कोळसा याच कुटुंबातला. हीच पानं ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकातही दगडात सापडतात. एवढी जड बी समुद्र ओलांडून कशी जाईल? १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा हाच त्यांच्या हातातला एक भक्कम पुरावा होता. लोक हसले. त्यांचा १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात मृत्यू झाला. जगाने मान्य करायला पुढे तीसेक वर्षं लागली.

आता भाचीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. खंड गेला, मग त्याच्यावर बसलेले प्राणी आणि झाडं कुठे गेली?

काही प्रवासी गाडीतच बसून राहिले. २००३ साली केरळच्या इडुक्कीत सापडलेला जांभळा बेडूक घ्या. सत्यभामा दास बिजू आणि फ्रँकी बॉस्युट यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला 'सह्याद्रेन्सिस' असं आपल्या सह्याद्रीचं नाव दिलं. दिसायला अगदी फुगलेला पुरणाचा गोळा, वर छोटंसं टोकदार नाक. वर्षभर जमिनीखाली वाळवी खातो, पहिल्या पावसात थोडे दिवस वर येतो. याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कुठे आहेत? सेशेल्स बेटांवर. मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर समुद्र. बेडूक खाऱ्या पाण्यात पोहत नाही. म्हणजे हे कुटुंब तुटलं नाही, त्याच्या पायाखालची जमीन तुटली. मादागास्कर ९ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास सुटला, सेशेल्स नंतर, दख्खनच्या लाव्हाच्या आगेमागे. एकटा भारत उत्तरेकडे निघाला, एका काळात तर वर्षाला १५ सेंटिमीटरपेक्षाही जास्त वेगाने. खंडाच्या हिशेबाने ही राजधानी एक्स्प्रेसच.

काही प्रवासी मधल्या स्टेशनावर चढले आणि शेवटच्या स्टेशनावर उतरून पसरले. छत्तीसगडचा राज्यवृक्ष साल, तिथल्या भाषेत सरई, हा त्यांच्यातला. या झाडाचं कुळ मूळ आफ्रिकेकडचं, असं अलीकडचं संशोधन सांगतं. भारताच्या सोबत ते आलं. गुजरातमध्ये वस्तान इथल्या खाणीत ५ कोटी वर्षांहून जुना राळेचा अंबर सापडला, तो याच कुळातल्या झाडांचा, आत अडकलेल्या किड्यांसकट. भारत आशियाला भिडला तेव्हा हे कुळ आग्नेय आशियात पसरलं. बोर्नियोत आज शंभर मीटर उंचीची झाडं आहेत ती या सरईची चुलत भावंडं. मावशीने रोज देवापुढे लावलेला राळेचा धूप आठवा. सालाचीच राळ ती.

टक्कर झाली, हिमालय उठला. एव्हरेस्टच्या माथ्यावरही समुद्राचा चुनखडक आहे, तो याच मारामारीत वर गेला. हिमालय आणि तिबेटच्या पठाराने मान्सूनला बळ दिलं. आणि पाऊस व दगड या दोघांनी मिळून ठरवलं की कोण कुठे राहणार. सागाला चुना आवडतो, म्हणून बसाल्टच्या काळ्या जमिनीवर, आपल्या विदर्भात सागाचं राज्य. सालाला किंचित आम्लधर्मी, खोल, ओलसर जमीन हवी, म्हणून तो पूर्वेला आणि मैकलच्या डोंगरांत. मध्य भारतात दोघांची हद्द एकमेकांत घुसलेली आहे. शेतकऱ्यांना हे केव्हापासून माहीत आहे. छत्तीसगडी शेतकरी जमिनीला नुसतं 'जमीन' म्हणत नाही. काळी चिकण ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा आणि उंचावरची लाल, खडबडीत ती भाठा. कुठे कुठलं धान लावायचं ते त्यावरून ठरतं.

एवढं सगळं मी जमेल तसं भाचीला सांगितलं. तिने अर्धं ऐकलं. मग म्हणाली, "आत्या, आता पण सरकतंय?"

हो. वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर, आपल्या नखाच्या वाढीपेक्षा जरा जास्त. तिने दोन्ही हातांची नखं बघितली.

पण दुसरीही एक गोष्ट सरकतेय आणि ती नखाच्या वेगाने नाही. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो. समुद्राच्या तळाने १०० कोटी वर्षं धरून ठेवलेला वायू एका दुपारी मोकळा होतो. सिमेंटमध्ये, स्टीलमध्ये, म्हणजे माझ्या फ्लॅटच्या भिंतीत आणि तुमच्या गॅलरीच्या गजातही. काकांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते चिडतील. ते म्हणाले, "माहीत आहे. पण त्या रेल्वेच्या रुळावरून तू आलीस ना? तो इथलाच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भारतीय रेल्वेचे रूळ भिलाईत बनतात, हे खरंच आहे.

हवामान याआधीही कितीदा बदललं. चंद्रपूरच्या बर्फाहून मोठा पुरावा कशाला हवा? झाडं-प्राणी तेव्हाही जागा बदलत होते. थंडीच्या काळात उतरायचे, उन्हाळ्याच्या काळात चढायचे. पश्चिम घाटात आणि हिमालयात सारखे जीव का आढळतात, याचं उत्तर म्हणून सुंदरलाल होरा यांनी १९४९ साली सांगितलं की ते सातपुड्याच्या डोंगररांगेवरून आले-गेले असावेत. त्यावर नंतर वाद झाले, पण वाट हवी ही गोष्ट खरी. आणि वेळ हवा. सालाचं बी बघा. जूनमध्ये पिकतं, पाच पंखांनी गरगरत खाली येतं आणि आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत ओलावा मिळाला नाही तर मरतं. पाऊस पंधरा दिवस लांबला की त्या वर्षीची पिढी गेली. शिवाय ते उडून फार लांब जात नाही. आता त्याच्या वाटेत हायवे आहे, कॉलनी आहे, धानाची बांधी आहे. बेडकासारखं जमिनीवर बसून तीन हजार किलोमीटर जायला त्याच्याकडे कोट्यवधी वर्षं नाहीत.

नंदिनीत एक गोष्ट बघून मात्र बरं वाटलं. खाणीच्या वापरात नसलेल्या जमिनीवर गेल्या काही वर्षांत जंगल लावलंय. जुन्या खड्ड्यांत पाणी आहे, पक्षी येतात. काका रोज सकाळी त्या बाजूला फिरायला जायचे. पिंपळाची, वडाची रोपं दाखवताना ते "हे माझ्या छातीएवढं होतं, आता बघ" असं सांगत होते, जणू शेजारच्या मुलांबद्दल बोलतायत. चुनखडीवर कुठली झाडं रुजतील, कुठली नुसती तग धरतील, हे त्यांचं स्वतःचं निरीक्षण आहे. ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. पुण्याला गेल्यावर ते कुणाला सांगणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. चाळीस मिनिटं झालंय. बाकीचं राहिलं.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जा. भिलाईत राहा, तिथे मराठी घरं पुष्कळ आहेत, कुणाचं तरी कुणी ओळखीचं निघतंच. मुलं सोबत असतील तर मैत्रीबाग दाखवा. उभ्या फर्शीच्या कुंपणांवर हात फिरवून बघा, कुठे कड्या दिसतात का. पण दगड फोडू नका आणि उचलून आणू नका. आमच्या घरातला काकांनी तीसेक वर्षांपूर्वी टाकाऊ ढिगातून आणला होता, तो जमाना वेगळा होता.

ट्रक आला त्या दिवशी मावशी क्वार्टरच्या खोल्या झाडत होती. रिकाम्या घरात झाडूचा आवाज केवढा मोठा येतो! काका दारात उभे होते. दगड अजून तिथेच, दाराला टेकलेला. मावशीने त्याच्याकडे बघितलं, मग काकांकडे, आणि मला म्हणाली, "तुझ्या बॅगेत जागा आहे का गं? पुण्यात अकराव्या मजल्यावर कुठे ठेवू हा?"

बॅगेत जागा नव्हती. दोन साड्या आणि डबा बाहेर काढला, मग झाली. दुर्ग स्टेशनच्या जिन्यावर हमाल म्हणाला, "दीदी, इसमें पत्थर भरा है क्या?"

आता तो माझ्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये गॅलरीचं दार धरून असतो. भाची दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. आधी आजीची खबर देते, मग शाळेची, आणि शेवटी फोन दगडाजवळ न्यायला सांगते. "आत्या, नवीन कडी आली का?"

मी म्हणते, "अजून नाही. पुढच्या रविवारी बघू."